बरोबर अडीच किलो

या सगळ्यात सरांच्या पदरात काय पडणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी उगाच गोंधळायला नको. एक, बाळंतिणी आणि बाळांसाठी देशाचं धोरण ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद. दोन, त्यांनी आखलेला कार्यक्रम एका रुग्णालयातून उचलून चाळीस ठिकाणी नेण्याचा हुकूम. आणि तीन, विभागाच्या भिंतीवर, आधीच्या चार प्रमुखांच्या शेजारी, पाचवी तसबीर. या तिसऱ्या गोष्टीबद्दल सर कधी चकार शब्द काढत नसत, पण खिळा ठोकून ठेवलेला होता.

त्यांच्या विद्यार्थिनीला मिळणार होतं ते याच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. नावाआधी डॉक्टर लागणार होतं आणि विभागात कायमची नोकरी. पण सहा वर्षं एकाच प्रबंधावर घालवलेल्या माणसाला तेवढंही डोंगराएवढं वाटतं. तिच्यामागून आलेले दोघं पुढे निघून गेले होते. घरी नवरा म्हणायचा, "तुझा प्रबंध आणि माझं टक्कल, दोन्ही एकाच दिवशी पूर्ण होणार बघ." नवरा गणिताचा मास्तर. विनोदसुद्धा तो हिशेबानंच करायचा.

वॉर्डात तिला काटेवाली म्हणत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्वतःचा वजनकाटा बगलेत मारून यायची, पायपुसण्यावर पाय पुसावेत तितक्या निष्ठेनं काट्याचं ताट पुसायची आणि त्या दिवशी जन्मलेलं प्रत्येक बाळ स्वतःच्या हातानं तोलायची. वॉर्डातलं वजन आणि तिचं वजन जुळायचं. दहा ग्रॅमचा फरक नाही. तीन वर्षं जुळलं. प्रबंधात तिनं मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं की वजनाच्या नोंदी अत्यंत विश्वासार्ह आहेत.

कार्यक्रम साधाच होता. गरोदर बाईला दर महिन्याला पौष्टिक भुकटीचं पाकीट आणि घरी येऊन चार शब्द सांगणारी एक बाई. कार्यक्रम सुरू होण्याआधी वॉर्डात शंभरातली सत्तावीस बाळं अडीच किलोच्या खाली जन्मत होती. तीन वर्षांनी अठरा. नऊ टक्क्यांची घट! सर टक्क्यांतच बोलत. "नव्वद टक्के काम झालंय तुझं, उरलेले दहा टक्के म्हणजे टायपिंग," असं त्यांनी तिला सांगितलं, तेव्हा प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते.

त्या टायपिंगातच घोडं अडलं. विद्यापीठाच्या कचेरीतून निरोप आला की चौथ्या प्रकरणात निदान एक आलेख हवा. नुसती कोष्टकं चालणार नाहीत. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात नवरा पेपर तपासत होता, उरलेल्या अर्ध्यात ही बसली आणि साडेचार हजार बाळांची वजनं तिनं पहिल्यांदाच एका ओळीत मांडली. आजवर तिनं फक्त दोन रकाने केले होते, अडीचच्या खालची आणि अडीच किंवा वरची. मधली वजनं नेमकी कशी पसरली आहेत ते बघायची वेळच आली नव्हती.

पडद्यावर एक छान टेकडी यायला हवी होती. टेकडी आली, पण तिच्या मधोमध एक मनोरा उभा होता. बरोबर अडीच किलोवर. चारशे नव्वद बाळं, ग्रॅमभर इकडे नाहीत की तिकडे नाहीत. आणि मनोऱ्याच्या डाव्या पायथ्याशी खड्डा. दोन किलो चारशेची बाळं जणू त्या वॉर्डात जन्मायचीच बंद झाली होती.

नवऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. "अरे वा, हे तर माझ्या पेपरांसारखं दिसतंय."

"म्हणजे?"

"पासाच्या मार्कांवर असाच ढीग असतो. एका मार्कानं नापास झालेला मुलगा मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. कोण पाहू देतो? एक मार्क देऊन टाकतो आपण. नापास केला की पालक येतात, मुख्याध्यापक बोलावतात, फेरतपासणीचे कागद... त्यापेक्षा एक मार्क स्वस्त." तो हसला आणि लाल पेनानं पुढचा पेपर ओढला.

ती हसली नाही. तिनं वार वेगळे काढले. मंगळवार-शुक्रवारची बाळं एका बाजूला, बाकीच्या पाच दिवसांची दुसऱ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी अडीचच्या खाली शंभरात सत्तावीस. तीन वर्षांपूर्वी होती तितकीच, तसूभर कमी नाही. बाकीच्या दिवशी चौदा.

म्हणजे ती काटा घेऊन जायची तेव्हा बाळं हलकी जन्मत होती आणि ती घरी असली की वजनदार. नऊ टक्क्यांची घट भुकटीनं केलेली नव्हती, पेनानं केली होती.

सोमवारी ती सरांसमोर उभी राहिली. सरांनी आलेख पाहिला. दोन सेकंद पाहिला, आणि त्या दोन सेकंदांत त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नाही, हे तिनं टिपून ठेवलं.

"थोडं गोल करतात गं नर्सेस. सगळीकडे करतात."

"सर, गोल करायचं तर तीन किलोवरही ढीग हवा. तिथे नाहीये. आणि फक्त वरच्याच बाजूला गोल होतंय."

"हे बघ, मर्यादांच्या भागात एक वाक्य टाक. वजनाच्या नोंदीत काही प्रमाणात पूर्णांकन आढळते. झालं. परीक्षकांना असलं वाक्य आवडतं. प्रामाणिकपणा दिसतो."

"आणि घट?"

"घट आहेच की. तुझ्याच कोष्टकात आहे." त्यांनी आलेखाचा कागद उलटा करून तिच्याकडे सरकवला. "सहा वर्षं, बाळ. सातवं मी सांभाळू शकणार नाही. पद भरायचंय मला, तुझ्यासाठी किती दिवस मोकळं ठेवू?"

बुधवारी ती वॉर्डात गेली. काटा न घेता. तीन वर्षांत बुधवारी ती पहिल्यांदाच जात होती, तेव्हा दाराशीच आया म्हणाली, "काय हो, आज शुक्रवार लवकर आला का?" आत मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, नुकत्याच झालेल्या मुलीला तोलत होत्या. एकोणतीस वर्षांची नोकरी, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. काट्यावर आकडा थरथरला आणि थांबला. दोन किलो दोनशे साठ. सिस्टरनी नोंदवहीत लिहिलं, दोन किलो पाचशे. मग हिरवं कार्ड काढून त्यावर 'उत्तम'चा शिक्का मारला. मग वर पाहिलं, तर काटेवाली.

 सिस्टरनी बाळाला आईजवळ नेऊन ठेवलं, हात धुतले, पुसले, आणि तिला औषधांच्या खोलीत घेऊन गेल्या.

"बोल. ओरडायचं तर ओरड, दार लावलंय."

"सिस्टर, तुम्ही? तुम्ही मला पहिल्या दिवशी बाळ धरायला शिकवलंत."

"तेव्हा नोंदवहीत एक ओळ होती. बाळाचं वजन, आईचं नाव, संपलं." सिस्टरनी कपाटातून एक गठ्ठा काढून टेबलावर आपटला. "मग हे आलं."

कमी वजनाच्या बाळाचा फॉर्म. सात पानं. आईचं शिक्षण, घरात खोल्या किती, पाणी कुठून येतं, आधीची बाळंतपणं, पाच सह्या, दोन प्रती. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, फॉर्म तयार करणार म्हणून, काटेवालीचंच नाव. प्रबंधाच्या दुसऱ्या वर्षी केला होता तिनं तो. एका रात्रीत नव्हे, चांगला दोन महिने खपून. माहिती जितकी जास्त तितका अभ्यास पक्का, असं तिला तेव्हा वाटायचं. आत्ताआत्तापर्यंत वाटत होतं.

"चाळीस मिनिटं लागतात एकाला," सिस्टर म्हणाल्या. "दोघीजणी, बत्तीस खाटा. एक चौकट रिकामी राहिली की तुझ्या सरांचा मेमो. आणि फॉर्म भरला की बाळ सात दिवस ठेवायचं, असा कार्यक्रमाचा नियम. त्याला वेगळ्या खाटा किती दिल्या? चार. रोज एकतरी हलकं बाळ येतंच. कर हिशेब, तू शिकलेली आहेस. सातव्या दिवशी किती होतात? वरच्यांना कुठे झोपवू, माझ्या डोक्यावर?"

"मग मला सांगायचं ना!"

"तुझ्या सरांना लिहून दिलं. दोनदा. त्यांनी काय करावं? कमी वजनाची बाळं कमी होतायत, तेव्हा चार खाटा पुरेशा आहेत, असं उत्तर आलं." सिस्टर हसल्या, पण तोंडानंच. "तू यायचीस त्या दिवशी खरं लिहायचो. दोन दिवस निभतात."

काटेवालीला स्वतःचा मंगळवार आठवला, स्वतःचा शुक्रवार आठवला. घड्याळ लावावं तशी ती यायची. चोराला पोलीस कधी येणार ते पाठ असावं तसं तिचं वेळापत्रक वॉर्डाला पाठ होतं, आणि त्याच भरवशावर तिनं 'अत्यंत विश्वासार्ह' असं लिहून ठेवलं होतं. 

"खरं वजन आता कोणालाच कळायचं नाही," ती म्हणाली.

"का नाही?" सिस्टरनी खणातून तेलकट पुठ्ठ्याची एक वही काढली. "औषधाची वही. डोस काय अडीच किलोवर देऊ? कोणतं बाळ केव्हा निळं पडेल याचा नेम असतो का? म्हणून सगळ्यांचं खरं वजन पेन्सिलीनं यात. कागदाला अडीच, बाळाला खरं." मग आवाज खाली आला. "अशा चार वह्या आहेत. घे. दोन वर्षांत पेन्शन आहे माझी. माझं नाव येऊ देऊ नकोस."

"नाही येणार," काटेवाली म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

चार वह्या आणि नोंदवही जुळवायला तिला नऊ दिवस लागले. अडीचच्या मनोऱ्यातली चारशे सात बाळं हलकी निघाली. हलक्या बाळाला पिवळं कार्ड मिळायचं. पिवळ्या कार्डाच्या घरी पहिला महिना दर तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन बाळाला ऊब आहे का, दूध ओढतंय का ते बघायचं. हिरव्या कार्डाच्या घरी कोणी जायचं नाही. उत्तम असलेल्याकडे कशाला जायचं? चारशे सात हिरव्या कार्डांपैकी अकरा बाळं महिन्याच्या आत गेली होती. प्रबंधात ती होती, एका ओळीत, 'इतर कारणे' म्हणून. ओळ तिनंच लिहिली होती.

यादीतलं पहिलं घर रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर होतं, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दार बाळाच्या आईनं उघडलं. वीस-बावीसची मुलगी. आतल्या पलंगावर सासू कपड्यांच्या घड्या घालत होती. काटेवालीनं कोण, कुठून ते सांगितलं, तशी मुलीनं काही न विचारता भिंतीवरच्या फळीवरून हिरवं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. अडीच किलो, उत्तम.

"बाळ चांगलंच होतं ना, ताई?" मुलीनं विचारलं. "तुम्हीच लिहिलंय. मग अकरा दिवसांत असं कसं झालं?"

पलंगावरून उत्तर आलं. "दवाखान्यानं उत्तम दिलं होतं. घरी आणून वाळवलं हिनं. दूध नाही, लक्ष नाही, नुसती झोप. दोन वर्षं झाली, माझ्या लेकाला तोंड वर करून बोलता येत नाही."

 ते वाक्य मुलीनं इतक्यांदा ऐकलं होतं की ते चालू असताना ती दाराच्या कडीवरची धूळ बोटानं पुसत राहिली. काटेवालीच्या पिशवीत चौथी वही होती. त्यात त्या तारखेसमोर पेन्सिलीनं लिहिलं होतं, दोन किलो शंभर. तिनं ते तिथेच सांगायला हवं होतं.  "मी परत येते," एवढं म्हणून ती जिना उतरली, आणि खाली सायकलवाल्यानं "काय झालं, बाई?" असं विचारेपर्यंत आपण रडत नसून दात खात आहोत हे तिला कळलं नाही.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं. "एक वाक्य टाकून नोकरी मिळते," तो म्हणाला. "मी सल्ला देत नाहीये. मोजून दाखवतोय."

"मोजलंस ना? आता गप्प बस."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पूर्ण चौथं प्रकरण नव्यानं छापून आणलं.

प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण विभागाच्या मोठ्या खोलीत होतं. सर पहिल्या रांगेत, शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. काटेवालीनं मनोरा दाखवला. वार दाखवले. मग स्वतःच्या फॉर्मचं शेवटचं पान दाखवून म्हणाली, "हा फॉर्म मी केला. ठरलेल्या वारी जाण्याची चूकही माझी. कार्यक्रमानं एकाही बाळाचं वजन वाढलेलं नाही. उलट चारशे सात बाळांची काळजी आम्ही काढून घेतली. त्यातली अकरा गेली." 

"खरी वजनं मिळाली कुठून?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"वॉर्डातूनच. कोणाकडून ते सांगणार नाही."

तेव्हा सर खुर्चीत मागे रेलले आणि अगदी मायेनं म्हणाले, "औषधाच्या वहीतून, दुसरं कुठून. मी तरुणपणी त्याच वॉर्डात होतो. आम्हीही पेन्सिलीनंच लिहायचो."

त्यांना माहीत होतं. वहीचं माहीत होतं म्हणजे मनोऱ्याचं माहीत होतं, म्हणजे चार खाटांचं उत्तर लिहितानाही माहीत होतं.  "मग सर, तीन वर्षांत एकदा तरी ती उघडून का नाही पाहिलीत?" तिनं भर खोलीत विचारलं. सरांनी घड्याळ पाहिलं. परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. चहाची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी वह्या जप्त झाल्या. अक्षर ओळखायला कोणी तज्ज्ञ लागला नाही, वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या सिस्टरांच्याच हातचे फलक होते. चौकशी समितीत तिघं, त्यातले एक सर. खोट्या नोंदी, जाणूनबुजून, असा ठपका आला. पेन्शनला बावीस महिने असताना सिस्टर घरी बसल्या. काटेवाली त्यांच्या दारात गेली तेव्हा त्यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि पेला परत घेताना म्हणाल्या, "मी लिहिलं होतं, मला भोगलं पाहिजे, त्याचं काही नाही. त्या अकरांची मीही देणेकरी आहे. पण ज्यानं मला आठ हलक्या बाळांना चार खाटा दिल्या, त्याचं नाव कुठल्या पानावर आहे, तेवढं मला दाखव."

 पानच नव्हतं.

आता शेवटचा हिशेब. सरांना अध्यक्षपद मिळालं. धोरणाच्या समितीचं नाही, नोंदींची विश्वासार्हता तपासणाऱ्या नव्या समितीचं, कारण नोंदीतला घोटाळा त्यांच्याच विभागानं उघडकीला आणला होता. त्यावरच्या लेखात पहिलं नाव त्यांचं आहे. काटेवालीचं पाचवं. कार्यक्रम चाळीस ठिकाणी गेला, फॉर्म सातवरून नऊ पानांचा झाला. नवव्या पानावर एकच प्रश्न, 'वजन खरे लिहिले आहे का?' आणि खाली सहावी सही. खाटा चारच. भिंतीवरच्या खिळ्याला तसबीर लागली. काटेवालीचा प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेला, आणखी दोन वर्षं. पद भरलं गेलं. नवऱ्याचं टक्कल आधी पूर्ण झालं.

ती मात्र अकराही घरी गेली. प्रत्येक आईला एक कागद दिला, स्वतःच्या सहीचा. खरं वजन, आणि खाली, 'बाळ कमी वजनाचे होते. रुग्णालयाने सांगितले नाही. यात आईची काही चूक नाही.' सायकलच्या दुकानावरच्या खोलीत सासूनं चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आता काय करू मी याचं?" सुनेनं तो तिच्या हातातून काढून घेतला. हिरव्या कार्डाच्या पिशवीत ठेवला नाही. ब्लाउजमध्ये ठेवला.

परतताना बसथांब्यावर काटेवालीनं आपल्या टिपणांची वही काढून अकरा आकड्यांची बेरीज केली. नोंदवहीप्रमाणे साडेसत्तावीस किलो. पेन्सिलीप्रमाणे चोवीस किलो दोनशे. फरक तीन किलो तीनशे. एक भरलेलं, धडधाकट बाळ. कागदावर ते जन्मलं होतं, वाढलं होतं, समितीपुढे जाऊन सर्वांना दाखवून झालं होतं. त्याचं सगळं अंग त्या अकरांनी भरलं होतं, प्रत्येकानं आपल्याजवळ नसलेले सरासरी तीनशे ग्रॅम देऊन.